पांघरुणाखालच्या तीन सीटा

सरकार गरिबाला मदत करतं, हे काही खोटं नाही. ती मदत भिंतीवर लावलेली असते. उद्योग खात्याच्या ऑफिसात जिन्याच्या वळणावर एक भलंमोठं रंगीत पोस्टर होतं. त्यात एक बाई शिलाई मशीनवर बसून हसत होती आणि खाली लिहिलं होतं, तुमचं स्वप्न, आमची साथ. रांगेत उभी राहून सीटवालीचे पाय भरून आले, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की पोस्टरमधल्या मशीनच्या सुईत दोराच ओवलेला नाही.

"हसायला काय जातंय बयेचं," ती पुटपुटली. पुढे उभी असलेली बाई फिस्सकन हसली.

सीटवाली हे तिचं गल्लीतलं नाव. स्कूटरची, मोटरसायकलची फाटकी सीट तिच्या दारात आणून टाकायची आणि नवं कव्हर चढवून परत न्यायची. काम दिसतं तेवढं सोपं नाही. आधी खालच्या बाजूच्या जुन्या पिना उपसायच्या. मग कव्हर उसवून त्याचे तुकडे नव्या रेक्झिनवर मांडून कापायचे, शिवायचे, फोमवर ताणून बसवायचे आणि पुन्हा पिना मारायच्या. पिना उपसायचं काम सासूचं. ती दाराशी बुटक्या स्टुलावर बसून पेचकसाने एकेक पिन उचकटायची. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. बाहेरची खोली दिवसा कारखाना आणि रात्री झोपायची जागा. नवरा एका गोदामात पॅकर होता. जेवताना तोंडात फोमचा कण आला की तो म्हणायचा, "वा, आज भाजी अगदी मऊ झालीय."

तिची मशीन घरगुती, कपडे शिवायची. रेक्झिनचे दोन थर ती कुरकुरत का होईना, घ्यायची. पण कडेच्या गोल पट्टीचा, पायपिंगचा, जोड येतो तिथे चार थर होतात, आणि तिथे सुई कटकन मोडायची. म्हणून त्या जागी सीटवाली मोटर बंद करायची आणि चाक हाताने फिरवत एकेक टाका घालायची. उजव्या हाताचा अंगठा कायम सुजलेला. संध्याकाळी सासू तेल कोमट करून तो चोळून द्यायची आणि चोळता चोळता शिव्या घालायची. मशीनला, सुईला, सुई बनवणाऱ्या कंपनीला आणि त्या कंपनीच्या मालकाच्या सगळ्या खानदानाला.

"अहो आई, पुरे. त्यांना उचकी लागेल."

"लागू दे. मरू दे उचक्या देऊन."

अशात मोटरसायकलच्या सर्व्हिस सेंटरचा फोरमन एक सीट घेऊन आला. त्याने शिवण बोटाने ओढून पाहिली. म्हणाला, "काम झकास आहे, ताई. पण असं हाताने चाक फिरवून तू देणार किती? जाड कामाची मशीन आण. आमच्याकडच्या सगळ्या सीटा तुला देतो. महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग मात्र मला दुसरा कुणी बघावा लागेल, मला पण वर उत्तर द्यायचं असतं."

जाड कामाच्या मशीनची किंमत ऐकून नवऱ्याने नुसती शीळ घातली. मग म्हणाला, "सरकारी योजना असतात म्हणे."

असतात. सापडत नाहीत.

पहिल्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "धंदा नवीन की चालू?"

"चालू."

"ही योजना नवीन धंद्याला आहे. पलीकडे जा."

पलीकडच्याने विचारलं, "चालू धंद्याची नोंदणी?"

"नोंदणी नाही साहेब, घरातच करते."

"नोंदणी नाही म्हणजे धंदा नाही."

"मग मी नवीन झाले ना?"

"नवीन कशा? आत्ताच म्हणालात चालू आहे."

हा माणूस वेडा नव्हता. त्याला पगार मिळत होता. माणसाला माघारी कसं पाठवायचं हे त्याला येत होतं, आणि त्या इमारतीत तेवढं एक काम चोख चालायचं. खाली चहाच्या टपरीवर एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस तिच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मावशी, कशाला चपला झिजवताय? अनुदान मी मिळवून देतो, अर्धं तुमचं, अर्धं माझं." ती म्हणाली, "अर्धा अंगठा पण सुजवून घेणार का?" त्याला काही कळलं नाही. तो दुसऱ्या बाकाकडे वळला.

शेवटी दुसऱ्या मजल्यावर एक चष्मेवाली बाई भेटली. ती खरंच ऐकून घेत होती. अशी एखादी असते प्रत्येक ऑफिसात, आणि सगळी गर्दी तिच्याच टेबलाशी असते. तिने समजावून सांगितलं, की घरात काम करणाऱ्या बायकांसाठी वेगळी योजना आहे. काही भाग अनुदान, बाकीचं कमी व्याजाचं कर्ज. मशीनचं कोटेशन, भाडेपावती, लाइटबिल, फोटो आणायचा.

"आणि आमचा माणूस घरी येऊन बघून जाईल, की धंदा खरंच चालतो. पाहणी चांगली झाली की बँक सहसा अडवत नाही. पाहणी वाईट झाली, तर मग माझ्या हातात काही नाही."

"बघू द्या की, मॅडम. आमच्याकडे धंदा एवढा चालतो, की पाय पसरायला जागा नाही."

"मग काळजी कसली?" चष्मेवाली म्हणाली.

काळजी घरात बसली होती, बुटक्या स्टुलावर. सासूला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्याला कारण होतं. नवरा अंगावर पिणारं पोर होता, तेव्हा सासू लोकांचे कपडे इस्त्री करायची. घरच्याच विजेवर. एके दिवशी विजेचा माणूस आला. घरगुती मीटरवर धंदा करते म्हणून त्याने दंड लावला, गरम इस्त्री फडक्यात गुंडाळून नेली आणि वायर तोडली. जाताना दारात उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "चोरी आहे ही, चोरी." कडेवर पोर घेतलेली बाई, समोर शेजारणी, आणि तो शब्द. पुढे कित्येक दिवस घरात दिवा नव्हता. दिवा नंतर आला, पण म्हातारीच्या डोक्यातून तो शब्द काही गेला नाही. सरकारी माणूस म्हणजे वायर तोडणारा, हे तिच्यापुरतं कायमचं ठरून गेलं. कर्ज, सरकार, साहेब यातला एक शब्द काढला तरी ती जेवण टाकायची. म्हणून नवरा-बायकोने ठरवलं, मशीन दारात येऊन उभी राहील तेव्हाच सांगायचं. तोवर गप्प.

कागद जमा केले आणि चष्मेवालीने सांगितलेल्या आठवड्यात सीटवाली घरातून हलली नाही. कुणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात रेक्झिन संपलं. ती रेक्झिन आणायला बाहेर पडली, आणि पाहणीवाला आला.

सासूने त्याला गल्लीच्या तोंडाशीच ओळखलं. खांद्याला बॅग, हातात फाइल, दारांवरचे नंबर वाचत येणारा माणूस. असा माणूस नातेवाईक नसतो.

मग म्हातारीने जे केलं त्याला तोड नाही. मीटरवाला आला की लपवायचं, असा एवढ्या वर्षांचा सराव होता. मशीन टेबलात खाली दुमडली, वर फुलाफुलांची चादर, चादरीवर पाण्याचा तांब्या. फोमचे तुकडे पलंगाखाली. पिनांचा डबा पिठाच्या डब्यामागे. राहिल्या तीन सीटा. त्या मोठ्या, कुठे लपणार? तिने त्या पलंगावर एकापुढे एक मांडल्या, डोक्याच्या जागी उशी ठेवली आणि वरून पांघरूण ओढलं. हुबेहूब माणूस. गुडघे किंचित वर घेऊन झोपलेला.

पाहणीवाला दारात आला. घामाने भिजला होता. "आजी, इथे सीट कव्हरचा धंदा चालतो ना?"

"कसला धंदा?"

"सीट. गाडीची."

"आमच्याकडे सायकलसुद्धा नाही, बाबा."

त्याने फाइलमध्ये पाहिलं, दारावरच्या नंबरकडे पाहिलं. "तुमच्या सूनबाई शिवणकाम करतात ना?"

"घरातलं काय टाका-दोरा असेल ते करते. सगळ्याच बायका करतात. तुमची बायको नाही करत?"

तो पलंगाकडे बघायला लागला. म्हातारीने आवाज एकदम खाली आणला. "माझा मुलगा आहे. ताप आहे अंगात. आत्ता कुठे डोळा लागलाय."

आणि तो भला माणूस खरोखर हळू आवाजात बोलायला लागला. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलून मागे सरला. "असू द्या, असू द्या. काळजी घ्या त्यांची." उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने फाइलवर दोन ओळी लिहिल्या आणि निघून गेला.

सीटवाली रेक्झिनची गुंडाळी खांद्यावर घेऊन घरी आली, तेव्हा सासूचा चेहरा नुसता उजळला होता. असा तिने कधी पाहिला नव्हता.

"आला होता एक! फाइलवाला! असा परत पाठवला बघ, मागे वळून पाहायची सोय ठेवली नाही."

सीटवालीने पलंगावरचं पांघरूण उचललं. खाली सीटा होत्या. तिने रेक्झिनची गुंडाळी जमिनीवर ठेवली आणि शेजारी भिंतीला टेकून खाली बसली.

"काय झालं गं? ऊन लागलं का? पाणी देऊ?"

"काही नाही, आई."

"काही नाही कसं? तोंड बघ तुझं."

 बोलायला तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं, आणि सासूसमोर ती अजून कधी रडली नव्हती. तिने चादर काढली, तांब्या खाली ठेवला, मशीन वर उचलली आणि एका सीटचा जोड शिवायला घेतला. चाक हाताने फिरवायला लागली. सासू बघत राहिली.

संध्याकाळी नवरा आला आणि त्याच्याकडून सगळं फुटलं. त्याला गप्प बसणं जमतच नाही. आईने मोठ्या ऐटीत सांगितलेली हकिकत ऐकून तो हसायला लागला, "मी तापाने फणफणलो होतो काय!", आणि मग मध्येच थांबला. बायकोकडे पाहिलं. मग त्याने सगळं सांगितलं. मशीन, अनुदान, पाहणी, फोरमनची महिनाअखेर.

 म्हातारीने हातातला पेचकस खाली ठेवला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही घाबरला असता, आई," सीटवाली म्हणाली.

"घाबरले असते ना. पण घाबरून एका कोपऱ्यात गप बसले असते. हे तर नसतं ना केलं." मग जरा थांबून, "आण इकडे हात."

"राहू द्या आज."

"आण म्हणते ना!"

तिने अंगठा चोळायला घेतला. आज शिव्या नव्हत्या. सीटवाली म्हणाली, "आई, कुणालाच काही बोलत नाही तुम्ही. करमत नाहीये मला." सासू अंगठा चोळत राहिली. तेलाचे हात पुसून एवढंच म्हणाली, "सकाळी मला घेऊन चल त्या ऑफिसात."

"तुम्ही? तिथे?"

"मी खोटं बोलले, मीच जाणार."

ऑफिसच्या जिन्यावर म्हातारी दोनदा थांबली. दम लागला म्हणून नाही. दुसऱ्या मजल्यावर पाहणीवाला आपल्या टेबलाशी डबा उघडून बसला होता. त्याने दोघींना ओळखलं नाही. मग म्हातारीला ओळखलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"बसा, आजी. मुलाचा ताप उतरला का?"

"बसत नाही. आधी लिहून घे." म्हातारीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. "आमच्या घरात धंदा चालतो. घरच्या मीटरवर चालतो. आत्ता ही सीटा शिवते, पूर्वी मी इस्त्री करायची. काल मी सगळं लपवलं. चोरी म्हण हवं तर. दंड करायचा तो मला कर. हिचं नाव त्यात घालू नको, ही पोर नवीन आहे आमच्या घरात."

नवीन म्हणजे लग्नाला बारा वर्षं झाली होती.  सीटवालीला कळत होतं, की इतकी वर्षं ज्या शब्दाच्या भीतीने ही बाई दार लावून घेत आली, तोच शब्द ती आज भरल्या ऑफिसात स्वतःच्या तोंडाने, स्वतःवर ओढून घेत होती. तेही सुनेच्या मशीनसाठी.

"दंड कसला?" पाहणीवाला म्हणाला. "घरातल्या घरात छोट्या मशीनवर काम केलं तर घरचंच मीटर चालतं, आजी. नियम बदलला ना तो."

"कधी?"

त्याने पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. चष्मेवाली बाई म्हणाली, "बरीच वर्षं झाली. मी नोकरीला लागले त्याच्याही आधी."

आता म्हातारी खुर्चीत बसली. 

"वायर तोडायला माणूस घरी आला होता," ती म्हणाली. "माझं घर शोधत, नंबर वाचत आला होता. मग हे सांगायला का नाही आला कुणी?"

वर पंखा फिरत होता. त्या खोलीतली शिकलेली, पगारी माणसं फाइली चाळायला लागली.  घ्यायचं असतं तेव्हा सरकारला तुमचं दार बरोबर सापडतं. सोडायचं असतं तेव्हा ते कुठल्याशा कपाटामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवतं आणि मोकळं होतं. एक बाई निम्मं आयुष्य चादरी पसरत राहते, त्याची नोंद कुठेच नाही.

पाहणीवाला उठला. शिपायाला हाक न मारता स्वतः जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. सीटवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला.

मग तो खाली मान घालून म्हणाला, "मी कालचा रिपोर्ट फाडू शकत नाही. धंदा आढळला नाही, असं लिहून झालंय. पण फेरपाहणीचा अर्ज करता येतो. आत्ताच द्या."

"महिनाअखेरच्या आत याल ना, साहेब?" सीटवालीने विचारलं.

"प्रयत्न करतो. दिवस सांगून यायची मुभा नाही मला." फाइल ओढून घेत त्याला काहीतरी आठवलं. "पण एक सांगा. पलंगावर ते कोण झोपलं होतं?"

"सीटा होत्या. तीन."

चष्मेवाल्या बाईने तोंडावर रुमाल धरला. पाहणीवाला दुखावल्यासारखा म्हणाला, "अहो, मी त्यांच्यासाठी चपला हातात घेणार होतो."

त्यावर म्हातारीसुद्धा हसली. रडत होती, त्यातच हसली.

फोरमनला सीटवालीने सांगितलं, फेरपाहणी व्हायचीय. तो म्हणाला, "ती पास झाली एवढं कळव. मग मशीन यायला चार दिवस इकडे तिकडे झाले तरी मी सांभाळून घेतो. पण महिना उलटला तर माझा नाइलाज."

त्या दिवसापासून म्हातारीने दार सोडलं नाही. जेवायचं ताटसुद्धा दाराशी घेऊन बसायची. नवरा म्हणायचा, "आई, आता तू पाहुण्याची वाट बघतेस की पहारा देतेस?" "तू तुझी खोकी बांध जा," ती म्हणायची.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी ती बॅग दिसली. सीटवाली मशीनवर होती, तिचं लक्ष नव्हतं. म्हातारीने पाहिलं, आणि तिचा हात आपोआप चादरीकडे गेला. मनाने नाही, हातानेच. चादरीचं टोक मुठीत आलं. पावलं जवळ येत होती. तिने मूठ उघडली, चादर खाली पडू दिली आणि पेचकस उचलला. पिन दोनदा सटकली.

"या, साहेब," ती म्हणाली. "पाय जपून. पिना आहेत."

मशीन थांबली. सीटवाली उभी राहिली. बसायला जागा नव्हती, तेव्हा पाहणीवाला पलंगाच्या कडेवर दोन सीटांच्या मध्ये टेकला. "मुलगा आज बरा दिसतोय," तो म्हणाला. म्हातारीने त्याला "गप रे" म्हटलं, जसं ती आपल्या मुलाला म्हणायची. मग स्वतःच दचकली. तो हसला.

"काम दाखवा, ताई."

तिने जोड शिवायला घेतला. दोन थर गेले. चार थरांवर आली. समोर साहेब बसलेला, म्हणून तिने चाक हाताने फिरवायचं टाळलं, मोटरवरच नेलं, आणि सुई कटकन मोडून तिचा तुकडा भिंतीवर जाऊन आपटला.

"हे असंच आहे," ती ओशाळून म्हणाली. "म्हणून तर मशीन पाहिजे."

"हे लिहितो," तो म्हणाला, आणि लिहायला लागला. मध्येच मान वर केली. "काम करणाऱ्या व्यक्ती किती? अर्जात तुम्ही एक टाकलंय."

"दोन," सीटवाली म्हणाली.

"दुसरं कोण?"

"ह्या काय. पिना कोण उपसतंय मग?"

"अगं, मला कुठे धरतेस त्यात," म्हातारी म्हणाली. "बसल्या बसल्या काहीतरी चाळा. लिहू नको रे ते."

"अहो आई, तुम्ही पिना नाही काढल्या तर मी शिवू काय, कप्पाळ? साहेब, दोन लिहा."

त्याने दोन लिहिलं. सही केली, तारीख घातली. मग फाइल मिटणार, तोच म्हातारी म्हणाली, "काय लिहिलंस ते वाच की. मला वाचता येत नाही."

त्याने वाचलं. "सदर ठिकाणी वाहनांची सीट कव्हरे शिवण्याचा व्यवसाय प्रत्यक्ष चालू असून, दोन महिला काम करताना आढळल्या. सध्याची मशीन अपुरी आहे. अर्ज मंजुरीस योग्य."

सीटवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. म्हातारी मात्र तशीच कान देऊन बसली होती.

"जरा मोठ्याने वाच."

"आजी, दार उघडं आहे, बाहेर ऐकू जाईल."

"म्हणून तर."

तो उभा राहिला आणि घसा खाकरून सगळं पुन्हा वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं. समोरच्या घरातली बाई ओले हात झटकत दारात आली. तिने आधी बॅगवाल्याकडे पाहिलं, मग तोंड झाकून बसलेल्या सीटवालीकडे. घाबरून तिने विचारलं, "काय हो, काय झालं? कोण आलंय?"

"सरकारी माणूस आलाय," म्हातारी स्टुलावरून न उठता म्हणाली. "आमचा धंदा चालतो. तेच लिहून घेतोय."